मोरेश्वराच्या दोन वाटा

एका तालुक्याच्या गावी एक इस्पितळ होतं, आणि तिथल्या संगणकांची व्यवस्था मोरेश्वर नावाचा एक टापटिपीचा माणूस पाहत असे. त्याच्या टेबलावरची पेन्सिलसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर पडलेली असायची. लोक त्याच्या नीटनेटकेपणाचं कौतुक करत. त्यालाही ते ऐकायला आवडे.

इस्पितळाने दोन मोठे संगणक घेतले होते. एकेकाच्या पोटात सहा-सहा लहान संगणक राहत. ते डोळ्यांना दिसत नसत, पण काम खऱ्यासारखंच करत. एक रक्तपेढीचं बघे, एक औषधांचं, एक तपासण्यांचं. एक मोठा संगणक आजारी पडला, तर त्याच्या पोटातली मंडळी दुसऱ्याकडे राहायला जात. म्हणून त्या सगळ्यांची माहिती तिसऱ्याच ठिकाणी ठेवलेली असे, जिन्याखालच्या खोलीतल्या एका मोठ्या कपाटात. दोन जावांना मिळून एकच फडताळ असावं, तसं ते कपाट दोघांना सामाईक होतं. तिथवर एकच वायर जाई. ती तुटली, की बाराही जण एकदम गप्प.

प्रमुख डॉक्टर कर्णिकबाई म्हणाल्या, "मोरेश्वर, कपाटाकडे जायला दोन वाटा करा. वायर वेगळी, मधला स्विच वेगळा, भिंतही वेगळी. एक वाट गेली तरी काम थांबता कामा नये. ते झालं, की रक्तपेढीच्या वह्या बंद करू."

स्विच म्हणजे वायरींचा नाका. सगळी माहिती तिथून पुढे जाते. मोरेश्वराने दोन स्विच मागवले आणि वायरमन दस्तगीरचाचांना घेऊन जागा पाहिली. पहिली वाट मोठ्या बोळातून सरळ जात होती. दुसरी धुलाईघराच्या भिंतीवरून न्यावी लागणार होती. त्या भिंतीला पोपडे आलेले, वरून पाण्याचे पाइप गेलेले. दुसरा स्विच ठेवायला जागा कुठली, तर घड्या केलेल्या चादरींची खोली.

मोरेश्वराला ते बघवेना. त्याने दोन्ही वाटांच्या वायरी बोळातल्या एकाच पांढऱ्या पट्टीतून नेल्या आणि एकाच स्विचला जोडल्या. एका वाटेला निळी वायर, दुसरीला पिवळी, वीतभर अंतरावर एकेक बंद. शाळेला निघालेल्या मुलीची वेणी जशी. दुसरा स्विच खोक्यातच राहिला.

"दोन वाटा म्हणता, अन् दोन्ही एकाच नाक्यावरनं काढता?" दस्तगीरचाचांनी विचारलं.

"वायरी दोन आहेत ना, चाचा?"

"आहेत की. मोजायला दोनच आहेत."

मोरेश्वराने अहवालात लिहिलं, 'कपाटाकडे जाणाऱ्या वाटा: दोन.' खोटं त्याने काही लिहिलं नव्हतं. पुढचं वाक्य तेवढं लिहिलं नव्हतं.

गुरुवारी परीक्षा ठरली. रक्तपेढीच्या सगुणा सिस्टर बोळातच, स्विचशेजारी पडदा मांडून नोंदी करत बसल्या. कर्णिकबाईंनी स्वतःच्या हाताने निळी वायर ओढली. नोंदी चालूच राहिल्या. ती परत लावून त्यांनी पिवळी ओढली. तरी नोंदी चालूच.

"छान," कर्णिकबाई म्हणाल्या. "दिसायलाही छान केलंय."

मोरेश्वर नेहमीसारखा लाजला.

सिस्टर खुर्ची वळवून म्हणाल्या, "मग भाऊ, उद्यापासून मी वही बंद करते. एखाद्या बाळंतिणीला अचानक रक्त लागलं, तर पिशवी कुठल्या फ्रीजमध्ये आहे, ते या पडद्यालाच विचारणार. विचारू ना?"

'विचारा' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. परीक्षा पार पडली होती. अहवाल चुकीचा आहे असं कुणी म्हणू शकलं नसतं. मोरेश्वराने तोंड उघडलं, आणि त्याची नजर स्विचकडे गेली. निळी त्यातच, पिवळीही त्यातच, आणि त्या स्विचला भिंतीत एकुलता एक प्लग. सिस्टर उत्तरासाठी थांबल्या होत्या. बावीस वर्षं हाताने लिहिलेली वही त्या मोरेश्वराच्या एका शब्दावर मिटणार होत्या.

"सिस्टर, वही बंद करू नका," तो म्हणाला.

"का हो? आत्ताच तर पास झालात."

"प्रश्न सोपा होता." मग तो कर्णिकबाईंकडे वळला. "बाई, वायर नका ओढू. या स्विचचा प्लग काढा."

बाईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि प्लग काढला. पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरत राहिलं. दोन्ही मोठे संगणक चालू होते, कपाटही चालू होतं, पण इकडचं तिकडे काही पोचत नव्हतं. सिस्टरनी वही पुढे ओढली आणि राहिलेली नोंद त्यात लिहिली.

"हे तुम्हाला ठाऊक होतं?" बाईंनी विचारलं.

"वायरी जोडल्या त्या दिवसापासून."

"मग असं का केलंत?"

"चांगलं दिसत होतं."

बाईंनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, असं मोरेश्वराला वाटलं.

"नीट करायला किती दिवस लागतील?"

"चार."

"आठ घ्या. पण भिंतीवरूनच जा."

मग दस्तगीरचाचा शिडी घेऊन धुलाईघरात गेले. निळी वायर बोळात राहिली. पिवळी तिथून निघाली आणि पोपड्यांवरून, पाइपांना वळसा घालत, चादरींच्या खोलीतल्या दुसऱ्या स्विचला पोचली. त्याला वीजही दुसऱ्या बोर्डावरून दिली. मोरेश्वर खाली उभा राहून वर बघत होता, आणि मधेच मान दुसरीकडे वळवत होता.

धुलाईघरातल्या शेवंताबाईंनी विचारलं, "भाऊ, यावर वाळत घातलं तर चालंल का?"

"ओलं नको," मोरेश्वर म्हणाला.

पुढच्या गुरुवारी रक्तपेढीत वही आणि पडदा दोन्ही उघडे ठेवून सिस्टर बसल्या. ऑपरेशन थिएटरचा फोन आला होता. "हो, बी निगेटिव्ह दोन आहेत, तिसऱ्या फ्रीजला," असं त्या पडद्यावरचं वाचून सांगत होत्या. तेवढ्यात बोळात कर्णिकबाईंनी पहिल्या स्विचचा प्लग काढला. पाच मिनिटांनी तो लावला आणि चादरींच्या खोलीत जाऊन दुसऱ्याचाही तसाच काढून परत लावला. सिस्टरनी फोन ठेवला, दोन नोंदी केल्या, आणि परत आलेल्या बाईंना म्हणाल्या, "करा सुरू तुमची परीक्षा. मी कधीची बसलेय."

"झाली," बाई म्हणाल्या.

मोरेश्वर नवा अहवाल लिहायला बसला. 'वाटा: दोन. स्विच: दोन. भिंती: दोन.' इथे त्याचा हात थांबला. एवढंच कुणी विचारलं होतं. मग त्याने खाली लिहिलं, 'कपाट मात्र अजून एकच आहे. ते बंद पडलं तर सगळंच थांबेल. म्हणून रक्तपेढीची यादी दर चार तासांनी कागदावर छापून ठेवावी.'

कर्णिकबाईंनी अहवाल शेवटपर्यंत वाचला. शेवटच्या ओळी दोनदा वाचल्या. मग सही केली आणि म्हणाल्या, "सिस्टर, आता वही बंद करा."

तात्पर्य: दुसरी वाट पहिलीच्याच दारातून जात असेल, तर तिला दुसरी म्हणू नये, आणि आपल्या कामातली उणीव जो न विचारता सांगतो, त्याच्याच शब्दावर विसंबावं.