घरटे दाखवा, संरक्षण मिळवा

कोंडवण नावाच्या रानात सोमवारी सकाळी साडेसात वाजता भागोजी धनेशाला सत्कारासाठी ताब्यात घेण्यात आले.

तो तेव्हा उंबरावर होता. गळ्यात फळे भरून घेऊन घराकडे निघण्याच्या बेतात होता. संरक्षण खात्याचे दोन ससाणे त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन बसले. अभिनंदन, पहिला म्हणाला, आपण दुर्मीळ झाला आहात. दुसऱ्याने पंख धरला.

भागोजीला अभिनंदन नको होते, घरी जायचे होते. धनेशांच्या संसाराची रीतच तशी आहे. अंडी घालायची वेळ आली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार चिखलाने लिंपून घेते. चोचीचे टोक जाईल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसे झडतात, त्यामुळे दार फोडून बाहेर आली तरी तिला उडता येत नाही. नराने गळ्यात फळे भरून आणायची आणि एकेक करून फटीतून द्यायची. तो आला नाही, तर आत मादी आणि पिल्ले उपाशी मरतात. भागोजीची सगुणा अशीच एका ढोलीत होती, आणि पिल्ले नुकतीच अंड्याबाहेर आली होती. ढोली कोणत्या झाडाची, ते इथे लिहिणे बरे नव्हे.

धनेशांची दुसरी रीत म्हणजे घराकडे सरळ उडायचे नाही. आधी तीन निराळ्या झाडांवर बसायचे, मागे कोणी नाही ना ते पाहायचे, मग जायचे. झाडाचे नाव नवरा-बायकोसुद्धा आपसांत घेत नाहीत. नुसते ‘घर’ म्हणतात.

सरकारला नेमके तेच नाव हवे होते. ‘घरटे दाखवा, संरक्षण मिळवा’ ही त्या वर्षीची मोठी योजना होती. जो प्राणी दुर्मीळ ठरेल त्याने आपले राहते ठिकाण जाहीर करायचे आणि खात्याने तिथे पाटी लावायची. पहिला मान खवले मांजराला मिळाला होता. त्याच्या बिळावर सुबक पाटी लागली: ‘येथे दुर्मीळ खवले मांजर राहते. खणण्यास सक्त मनाई. कुदळ कार्यालयात मिळेल.’ आठवडाभरात बीळ रिकामे झाले. लाभार्थ्याचे यशस्वी स्थलांतर झाले, असे खात्याने कळवले. ते खोटे नव्हते. स्थलांतर पोत्यातून झाले, एवढे कळवायचे राहून गेले.

सत्कार चिंचेखालच्या मैदानात होता. खूर आपटून दाद देण्यासाठी हरणांचे कळप पहाटेच आणून बसवले होते. विरोधी पक्षातर्फे कावळे आले होते. त्यांनी सुरुवातीलाच सभात्याग केला आणि जेवणाच्या मंडपात जाऊन बसले. शेवटच्या रांगेत रानाबाहेरून आलेले दोन पाहुणे होते. हे दोन पायांचे पाहुणे पक्ष्यांचे अभ्यासक आहेत, असे सांगण्यात आले. त्यांनी बरोबर शिडी आणली होती.

भागोजीच्या अंगावर शाल घालण्यात आली. ती पंखांवरून घेऊन मागे घट्ट गाठ मारण्यात आली. गळ्यात हार पडले. अशा रीतीने पूर्ण सन्मान झाल्यावर त्याला हलता येईना.

संरक्षणमंत्री आबासाहेब तरस बोलायला उभे राहिले. तरसाचा चेहरा दुखवट्यालाही हसराच दिसतो, त्यामुळे ते खाते त्यांच्याकडे बरीच वर्षे होते. “बंधूंनो आणि भगिनींनो,” ते म्हणाले, “पूर्वी या रानात हजारो धनेश होते, पण एकाचाही सत्कार झाला नव्हता. आज मोजकेच उरले आहेत आणि प्रत्येकाला शाल मिळते आहे. याला म्हणतात प्रगती.” हरणांनी खूर आपटले. धनेश हा रानाचा मानबिंदू आहे, त्याचे चित्र आता प्रत्येक सरकारी पानावर छापले जाईल, झाडे मात्र चित्राला लागत नसल्याने ती इतर विकासकामांना देता येतील, असेही त्यांनी सविस्तर सांगितले.

मग भागोजीला दोन शब्द बोलायला सांगितले. तो बोलला नाही. गळा फळांनी भरला होता. तोंड उघडले असते तर सगुणेचे जेवण व्यासपीठावर सांडले असते. सत्कारमूर्तींना गहिवरून आले आहे, असे चिटणीस बापूराव वानराने जाहीर केले, आणि भागोजीला कोपऱ्यात घेतले.

“भागोजीराव, फक्त झाड सांगा,” वानर हळूच म्हणाला. “पाटी रंगवून तयार आहे, नुसतं नाव घालायचं बाकी आहे. नाव मिळेपर्यंत सत्कार चालू ठेवायचा हुकूम आहे. वहिनी वाट बघत असतील.”

भागोजीने मान हलवली नाही. ऊन चढले. भाषणे संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होत. त्याला फटीतून बाहेर आलेली रिकामी चोच दिसू लागली. दुपार टळली तेव्हा त्याच्या मनात आले, सांगून टाकावे. पाटी लागेल, पण निदान पिल्लांना आज खायला मिळेल. उद्याचे उद्या.

तेवढ्यात महाराजांच्या हस्ते श्रीफळ देण्याची वेळ झाली.

कोंडवणचे महाराज वाघ होते. वर्षभर ते फक्त लांबून, सज्जात बसलेले दिसत. हल्ली बोलत नसत, आणि त्यामुळे त्यांचा दरारा फार वाढला होता. भागोजीला त्यांच्यासमोर नेले. दोन वानरांनी महाराजांचा पंजा उचलून नारळावर ठेवला. पंजाला नखे नव्हती. डोळे काचेचे होते. काखेतली शिवण उसवली होती आणि तिच्यातून भाताचा पेंढा डोकावत होता. अंगाला डांबरगोळ्यांचा वास येत होता.

“एवढं बघू नका,” बापूराव पुटपुटला. “पुढच्या रांगेत सगळ्यांना माहीत आहे. आता वेळेवर येतात, कशाला नाही म्हणत नाहीत. राज्य कधी नव्हे इतकं स्थिर आहे.”

तेव्हा भागोजीने चोच उघडली. उंबरे एकेक करून व्यासपीठावर पडली. एक आबासाहेबांच्या पायाशी गेले, ते त्यांनी खाल्ले.

“महाराजांना संरक्षण होतं ना?” भागोजीने विचारले.

“एक नंबरचं,” बापूराव अभिमानाने म्हणाला. “ते कुठे निजतात, पाण्यावर कधी जातात, सगळी माहिती खात्याकडे असायची.”

भागोजीने पुन्हा पेंढ्याकडे पाहिले. मग सभेकडे वळला.

“सांगतो,” तो म्हणाला. “खात्याच्या कार्यालयामागची सातवीण. वरची ढोली.”

आबासाहेबांचा चेहरा हसराच राहिला, पण खाली शेपूट आत गेले. त्या ढोलीत काय आहे ते समोरच्या उंबरावर बसणाऱ्या प्रत्येक पाखराला रोज दिसे. खात्याची मंडळी येऊन काय ठेवून जातात, ते वरून पाहायला तिकीट लागत नव्हते. पण पाखरांना कोणी विचारत नसे.

“भागोजीराव, आठवून सांगा,” आबासाहेब म्हणाले. “त्या ढोलीत घरटं नसावं.”

“साहेबांना आतलं कसं माहीत?”

हरणांना वाटले हीच दाद द्यायची जागा, म्हणून त्यांनी खूर आपटले. त्या आवाजात शेवटच्या रांगेतले दोघे अभ्यासक शिडी उचलून केव्हा गेले ते कोणाला कळले नाही. वानराने शालीची गाठ सोडली. सत्कार संपला होता.

अभ्यासकांना सातविणीच्या ढोलीत खवले मांजराचे खवले, वाघनखे आणि मिशांची एक जुडी मिळाली. या मालाची विसार रक्कम त्यांनी आधीच खात्याला दिली होती. उरलेली न देता ते पोते भरून निघून गेले. खात्याची मोठीच पंचाईत झाली. चोरी झाली म्हणावे तर माल कुठला, हा प्रश्न आला असता. म्हणून चौकशी समिती नेमण्यात आली. ढोली धनेशाचीच होती, हे सत्कारमूर्तींनी भर सभेत सांगितल्यामुळे समितीला दुसरा निष्कर्ष काढता आला नाही. धनेशाची पिल्ले खवले, नखे आणि मिशांसह जन्माला येतात, असे तिने एकमताने ठरवले.

भागोजी पुन्हा उंबरावर गेला, गळा भरून घेतला. घरी जाताना त्या दिवशी तो तीनऐवजी पाच झाडांवर बसला. फटीवर चोच टेकवली तेव्हा ऊन उतरले होते.

“उशीर केलात,” आतून सगुणा म्हणाली. पिल्लांचा आवाज येत होता, पण बारीक.

“सत्कार होता.”

“झाड सांगितलंत?”

“सांगितलं.”

फटीतली चोच आत गेली. मग तिने विचारले, “कुणाचं?”

भागोजीने पहिले उंबर फटीतून आत सरकवले आणि सांगितले. ती हसली असावी, कारण उंबर खाली पडले आणि पिल्लांनी उचलले.

पण समितीचा अहवाल बाजारात पोचला आहे. वाघनखांसह जन्मणाऱ्या पिल्लांना रानाबाहेर मोठी मागणी आली असून प्रत्येक ढोलीत हात घालून पाहणे सुरू झाले आहे. ही बातमी भागोजीला उंबरावरच कळली. तेव्हापासून तो सात झाडांवर बसून घरी जातो, आणि सगुणेला अजून काही सांगितलेले नाही. पिल्लांना पंख फुटायला अवकाश आहे.

दरम्यान, धनेशाचे खरे घरटे शोधून त्याला तातडीने संरक्षण देण्यासाठी सरकारने एक पथक नेमले आहे. व्यापाऱ्यांनीही एक पथक नेमले आहे. दोन्ही पथकांत तीच मंडळी असल्यामुळे शिडी एकच पुरते, आणि या काटकसरीबद्दल आबासाहेबांचा येत्या सोमवारी सत्कार आहे.