कोपऱ्यात बसलेला हत्ती

सागवानी पटांच्या जमान्यातली ही गोष्ट. बुद्धिबळाचा डाव संपत आला होता. पांढऱ्यांकडे राजा, एक हत्ती आणि अगदी कडेच्या पट्टीतलं एक प्यादं उरलं होतं. आणखी एक घर चाललं की प्याद्याचा वजीर होणार होता. पण "मी पुढे राहून वाट मोकळी करतो," म्हणत हत्ती नेमका त्याच घरात जाऊन बसला होता.

"हत्तीदादा, आता वाटेत तुम्हीच आहात!" प्यादं कळवळून म्हणालं.

"मी हललो तर तुझ्या मागे याच पट्टीत टपलेला काळा हत्ती तुला मारेल," हत्ती म्हणाला. तेही खरंच होतं.

आडोशाला बसलेल्या काळ्या राजाला ही गंमत जवळून बघायचा मोह झाला. तो हसत हसत पटाच्या मधोमध आला. हत्ती ताडकन उठला, आपल्या ओळीतून सरळ सरकत राजाच्या समोर आला आणि गरजला, "शह!"

राजा जीव वाचवायला बाजूला पळाला; काळ्यांची चाल त्यातच गेली, काळ्या हत्तीला प्याद्याला मारता आलं नाही. तेवढ्यात प्यादं टुणकन कोपऱ्यात शिरलं आणि वजीर झालं.

"बघितलंस? मी होतो म्हणून जमलं!" हत्ती म्हणाला.

"हो दादा," नवा वजीर हसला, "आणि उठलात म्हणून!"