वेशीबाहेरच्या मुठीची कहाणी

ऐक मुठीच्या आई, तुझी कहाणी. आटपाट नगर होतं, त्याला उंच वेस होती. वेशीच्या आत राजा-राणी, वाडे, देऊळ. वेशीच्या बाहेर चौदा घरांची वस्ती, तिथं ठकूबाई राहायची. बांबू सोलायची, सुपं-परड्या विणायची. तिच्या परडीतून देवीला फुलं जायची, तिच्या सुपातून नवरीची ओटी भरायची. ती मात्र वेशीपाशीच उभी! परडीवर पाण्याचे चार शिंतोडे मारले की परडी पावन. माणसाला पावन करणारं पाणी काही त्या नगरात नव्हतं, बायांनो.

राणीला एकच लेक, चंद्रावळ. तिची अन्नावरची वासना उडाली. घास तोंडात घालावा, तो बाहेर यावा. पोर वाळत चालली. राणी देवीपुढं धरणं धरून बसली. तेव्हा एक म्हातारी आली नि म्हणाली, "राणी, राणी, मुठीचा वसा घे."

"तो वसा कसा असतो?"

"श्रावणातल्या शुक्रवारी घराघरांतून मूठ मूठ धान्य आणावं. नव्या परडीत घ्यावं, एका हंड्यात शिजवावं. ज्यांची मूठ, त्यांनी एका पंगतीत बसावं. तोच घास लेकीला द्यावा. मोजताना घर चुकूं नको, वाढताना पान चुकूं नको, घेतला वसा टाकूं नको."

पहिला शुक्रवार आला. ठकूनं नवी परडी विणली, पदरात मूठभर कण्या बांधल्या नि वेशीपाशी गेली. रखवालदारानं परडी घेतली, शिंतोडे मारले. म्हणाला, "कण्या ने परत. नगर वेशीपाशी संपतं." मग आतली घरं मोजली, मुठी आणल्या, हंडा चढवला. लाकडं ढणढण जळली, पण आधण येईना. चंद्रावळ उपाशी राहिली.

दुसरा शुक्रवार आला. ठकू परडी घेऊन गेली, कण्या घेऊन गेली. रखवालदार म्हणाला, "एक तर तू बाहेरची, त्यात कपाळ पांढरं. देवीच्या कामात तुझी मूठ?" ठकूच्या जिवाची आग झाली. नवरा मेला तो राजाच्याच लग्नाचा मांडव घालताना, वाशावरून पडून! ते कुणाला आठवतंय? मग परडी तेवढी आत गेली. हंडा थंड तो थंडच.

तिसरा शुक्रवार उजाडला. राणीला दया आली. तिनं निरोप धाडला, "परडी दे. पंगत उठली की मागच्या दाराशी ये, उरलंसुरलं वाढू." अहाहा, काय ती दया! ठकू म्हणाली, "माझी मूठ नको, माझं पान नको, आणि उष्टं खायला मी? जा, सांग तिला. आजपासून परडी नाही." कोयता खाली ठेवला नि दारात बसली. मग नगर धुंडाळलं. वाड्यावाड्यात विचारलं. परडी विणायला येत होतं कुणाला? पूजा अडली. चंद्रावळीला मानसुद्धा उचलवेना.

मग राणी अनवाणी वेशीबाहेर आली, लेक खांद्यावर. "बाई, बाई, परडी दे."

"परडी हवी, मी नको. माझं नाव काय, राणीबाई?"

राणीनं लेकीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"बारा वर्षं माझ्या परडीतून देवीला फुलं वाहिलीत, आणि नाव ठाऊक नाही!"

राणीनं मान खाली घातली. ठकूची नजर पोरीकडं गेली. पोरीची मनगटं परडीच्या कामटीएवढी झाली होती. ठकूला रडू आलं, राग काही गेला नाही. म्हणाली, "लेकराशी माझं भांडण नाही. ही घ्या परडी, ह्या कण्या. पण मी मागच्या दारानं यायची नाही. बोलवायचं तर नावानं बोलवा, नि पंगतीत पान मांडा."

राणीनं परडी घेतली, शिंतोडे मारले नाहीत. वस्तीत तिचं नाव विचारून घेतलं नि तिथूनच घरं मोजायला लागली. पहिलं ठकूचं, मग उरलेली तेरा, मग वेशीच्या आतली. पंगत मांडली. राणी वेशीत उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "ठकूबाई, आत या." बायांनी नाकं मुरडली, पानं सरकवली. राणी म्हणाली, "ज्यांना उठायचं, त्यांनी उठावं. मी हिच्याशेजारी बसते." दोघी उठून गेल्या. जाईनात का!

कण्या हंड्यात पडल्या नि आधण आलं. चंद्रावळ ठकूच्या पानाशी सरकली. तिच्या हातचा घास घेतला, गिळला, आणि म्हणाली, "आणखी."

ठकू काही कुणाच्या पायां पडली नाही. पोटभर जेवली, हात धुतला, म्हणाली, "पुढच्या शुक्रवारी घरं मी मोजीन."

जशी मुठीची आई चंद्रावळीला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. थांबा, आरतीला उठूं नका! ही पुढ्यातली परडी कुणी विणली? नाव सांगा. नाही ना येत? मग जा, तिला नावानं बोलावून आणा, पान मांडा. तोवर ही साठां उत्तरांची कहाणी पांचां उत्तरीं अपुरी. ती येऊन बसली, की सुफळ संपूर्ण.