मामाची मांडी

ओढ्याकाठच्या एका गावात तुळशीराम नावाचा रंगारी राहत होता. लुगडी निळीत बुडवायची आणि वाळत घालायची, हे त्याचं काम. दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. घासले तरी निळे, राखेनं चोळले तरी निळे. त्याची बायको येसू रंगवलेली लुगडी डोक्यावर घेऊन बाजारोबाजार फिरे. मागे घरी निळीचा रांजण आणि पोरं, दोन्ही तुळशीरामाच्या गळ्यात.

पोरं दोन. थोरली ठकी पाच वर्षांची. धाकट्या गुंड्याला तिसरं लागलेलं.

तुळशीरामाला पोरांची हौस होती, हे खोटं नाही. पण हौस असली म्हणून हात वळतोच असं नाही. तो ठकीची वेणी घाली ती अशी आवळून, की पोरीच्या भुवया कपाळावर चढत. भात एक दिवस करपे, एक दिवस उतू जाई. एकदा त्याची पाठ वळली आणि गुंड्यानं कोंबडी निळीच्या रांजणात बुडवली. निळी कोंबडी गावभर हिंडली. कोंबडा तिला ओळख देईना. गाव पोट धरून हसलं, तुळशीरामही हसला. पोरांच्या गालावर, कानावर, पाठीवर त्याच्या निळ्या बोटांचे ठसे असत. लोक लांबून ओळखत, ही रंगाऱ्याची पोरं.

त्याचं कौतुकही होई. "काय बाप आहे! बाप्या माणूस असून पोरांची नाकं पुसतो!" बाई जन्मभर नाकं पुसते, ते कुणाला दिसत नाही. बाप्यानं एकदा पुसलं की गाव आरती ओवाळतं. तुळशीरामाला ती आरती गोड लागली. त्याला वाटायला लागलं, ही पोरं माझी. माझीच. दुसऱ्या कुणाची नाहीत.

आणि मग केरबा यायचा.

केरबा म्हणजे येसूचा धाकटा भाऊ, डोंगरापलीकडच्या गावचा. पांढरंशुभ्र धोतर, स्वच्छ हात आणि उपरण्याच्या गाठीला बत्तासे. तो वेशीवर दिसला की पोरं ताटावरून उठून पळत. घास बापानं भरवलेला, आणि त्याच भरल्या तोंडानं "मामा! मामा!" गुंड्या खांद्यावर, ठकी पाठीवर. दिवसभर नुसतं खिदळणं.

तुळशीराम रांजणाशी उभा राहून बघे. आपल्याकडे पोरं येतात ती कशी? पायात काटा घेऊन. गुडघा फोडून. शेंबूड गाळत, भोकाड पसरून. हसायचं ते सगळं मामाला, आणि रडायचं ते सगळं बापाला!

एकदा न राहवून त्यानं विचारलं, "ठके, तू कुणाची गं?"

ठकीच्या तोंडात बत्तासा होता. ती म्हणाली, "मामाची!"

पोरीचं वय ते काय! ज्याचं गोड खाल्लं त्याचं नाव घेतलं. शहाणा माणूस हसून सोडून देईल. तुळशीरामानं हातातलं लुगडं इतकं पिळलं की ते टराटरा फाटलं.

तो येसूला म्हणाला, "तुझा भाऊ सारखा सारखा येतो कशाला?"

"सारखा? दिवाळीला येतो नि जत्रेला येतो. आणि तुमचं खातो काय?"

"माझी पोरं खातो!"

येसूनं कपाळावर हात मारला. "पोटात दुखतंय होय? मग ओवा खा."

ओव्यानं जाणारं दुखणं नव्हतं ते. पुढे गुंड्याचं जावळ काढायचं ठरलं. पोराचे पहिले केस काढायचे ते मामाच्या मांडीवर, ही रीत. येसू बाजाराला निघताना बजावून गेली, "शुक्रवारी जावळ, सटवाईपुढं. केरबाला निरोप धाडा. विसराल हं! माहेरचं म्हणून मला तेवढं एकच माणूस उरलंय."

दुसऱ्याच दिवशी गावचा कासार बांगड्या घेऊन डोंगरापलीकडे निघाला. दारावरून जाताना त्यानं विचारलं, "मेव्हण्याला काही निरोप?"

तुळशीराम रांजण ढवळत होता. मान वर न करता म्हणाला, "काही नाही."

शुक्रवार उजाडला. सटवाईच्या झाडाखाली बायका जमल्या. म्हाताऱ्या न्हाव्यानं वस्तऱ्याला धार लावली. येसू नवं लुगडं नेसून वाटेकडे डोळे लावून उभी. ऊन डोक्यावर आलं तरी वाट रिकामी.

"भाऊ नाही आला बाई," एक म्हणाली.

"एवढं पण जड झालं का त्याला?" दुसरी म्हणाली.

येसूची मान खाली गेली.

तुळशीरामानं ते बघितलं. पण जळका माणूस दुसऱ्याचं उतरलेलं तोंड बघून आधी गार होतो. लाज त्याला मागाहून येते. तो पुढे झाला. "नाही आला तर नाही आला! मी काय मेलोय? माझं पोर, माझी मांडी!"

न्हावी म्हणाला, "बापाच्या मांडीवर? अशी रीत नाही बाबा."

"रीत गेली खड्ड्यात. तू वस्तरा चालव."

तो मांडी घालून बसला. गुंड्या ऐटीत मांडीवर बसला. तुळशीरामानं चारी बाजूंना बघून घेतलं. मग वस्तरा टाळूला लागला. गार पातं लागताच पोर दचकलं, वळवळलं. तुळशीरामानं दोन्ही निळ्या हातांनी त्याचं डोकं गच्च धरलं. तसा गुंड्यानं टाहो फोडला.

"आबा! आबा, ये! आबा, सोडव!"

ज्यानं धरलं होतं, त्यालाच ते लेकरू हाका मारत होतं.

"अरे मीच आहे. मीच तुझा आबा," तुळशीराम म्हणाला.

गुंड्यानं मान वाकडी करून वर बघितलं. बघितलं, आणि हाक तोंडातच राहिली. त्या एवढ्याशा तोंडावर जे उमटलं, ते बघून तुळशीरामाचे हात सैल पडले. पोर हिसडा मारून सुटलं. वस्तरा कानामागे निसटता लागला, रक्ताचा थेंब आला. अर्धं डोकं तुळतुळीत, अर्ध्यावर जावळ तसंच, असा गुंड्या आईच्या पदरात शिरला. पुन्हा काही केल्या बसेना.

मग तो तसाच अर्ध्या जावळाचा गावात हिंडू लागला. गाव हसलं. या खेपेला तुळशीराम हसला नाही.

एक दिवस खेळता खेळता गुंड्या पडला. गुडघा फुटला. सवयीनं तो रांजणाकडे पळत आला, भोकाड पसरायला तोंड उघडलेलं. तुळशीरामानं हात पसरले. ते निळे हात बघून पोर जागच्या जागी थांबलं. तोंड मिटलं. मागे फिरलं आणि खुराड्यामागे जाऊन एकटंच गुडघ्यावर फुंकर घालत बसलं.

एवढंसं पोर रडू गिळतं, हे बघायला छाती लागते. तुळशीरामाची तेवढी छाती नव्हती. त्यानं येसूला खरं सांगून टाकलं. "केरबाला निरोप मी धाडलाच नव्हता."

येसूनं हातातलं लुगडं खाली ठेवलं. "चार बायकांत माझी मान खाली घातलीत. ते मी मागाहून बघते. आधी माझ्या भावाकडं जा. आणि कुणाच्या गाडीत बसून नको. चालत जा."

तो डोंगर चढून उतरला. केरबा बैलांना पाणी दाखवत होता. तुळशीरामानं काहीही न लपवता सगळं सांगितलं.

केरबाला राग आला, पण तो गिळून म्हणाला, "दाजी, मांडीच हवी होती तर मागायची. काय असतं त्या मांडीत? पोर लाथा मारतं, चावतं, वर मनात अढी धरतं. मामाला काय, तो आपल्या गावाला निघून जातो. पण वस्तऱ्याखालून सुटल्यावर पोराला पळत जायला बाप मोकळा नको? तुम्हीच धरून बसलात. मग लेकरानं जायचं कुणाकडं?"

तुळशीराम खाली बघत म्हणाला, "माझ्याकडं नुसती रडतच येतात रे."

"मग माझ्याकडं कधी आली का रडत? मागं ठकी माझ्या खांद्यावरून पडली. उचलायला वाकलो तर मला ढकलून तुमच्याकडं पळाली. माझा जीव जळला नसेल?"

तुळशीरामानं पहिल्यांदाच मेव्हण्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

पुन्हा सटवाईपुढे सगळे जमले. केरबा मांडी घालून बसला. गुंड्याला धरलं तसा तो केरबाच्या मनगटाला कडकडून चावला. केरबानं हूं की चूं केलं नाही. तुळशीराम समोर उभा होता, पोराला दिसेल असा, हात मोकळे सोडून. गुंड्यानं त्या हातांकडे बघितलं. हाक काही मारली नाही. नुसता बघत राहिला.

शेवटची बट पडली. केरबानं हात सोडले. गुंड्या उभा राहिला. ठकीनं बत्तासा पुढे केला, तो घेतला नाही. येसूनं पदर पसरला, तिकडे गेला नाही. मग एकाएकी त्याचा ओठ वाकडा झाला. त्यानं गावाला ऐकू जाईल असं भोकाड पसरलं आणि "आबा!" करत तुळशीरामाच्या पोटावर धडकला.

शेंबूड, अश्रू, केस, सगळं बापाच्या अंगाला पुसलं गेलं. तुळशीराम त्याला घट्ट धरून उभा राहिला. गुळगुळीत टकलावर पाच निळी बोटं उमटली.

केरबा मनगट चोळत म्हणाला, "घ्या! चावा मला नि मिठी तुम्हाला."

"आता पुन्हा जळू नका दोघं," येसू म्हणाली. "बत्तासे वाटा."

तात्पर्य: लेकरू हसत कुणाकडे जातं, याचा हेवा करू नये. रडत ज्याच्याकडे येतं, त्यानं आपली जागा सोडू नये.