दसपट वाढप

कुसुंबगावच्या संस्थानी रुग्णालयात एक्स-रे काढायला दोन मिनिटं लागत आणि तो डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर उघडायला अर्धा तास! रुग्ण बाकावर कण्हत बसे. पडद्यावर आधी खांदा येई, मग दंड, आणि मोडलेलं कोपर दिसायच्या आत डॉक्टरांची जेवायची वेळ होई.

रुग्णालयाचे अध्यक्ष श्रीमंत दौलतराजे. राज्य आजोबांच्या वेळीच गेलं होतं, हुकूम सोडायची सवय तेवढी उरली होती. त्यांनी संगणक विभागातल्या द्वारका खरमाटेला बोलावलं. ती तीन वर्षं हंगामी होती, म्हणजे काम कायमचं आणि नेमणूक दर सहा महिन्यांची.

"बाई, चाळीस कॉम्प्युटरना नवी इथरनेट कार्डं बसवली. दसपट वेगाची! नव्या तारा ओढल्या. तरी बैलगाडी ती बैलगाडीच! का?"

"सरकार, कार्ड म्हणजे कॉम्प्युटरचा दरवाजा. तार तिथे येऊन मिळते. आपण चाळीस दरवाजे रुंद केले. पण सगळे एक्स-रे ज्या एका सर्व्हरमध्ये साठतात, त्याचा दरवाजा जुनाच आहे. तेवढं एक कार्ड बदललं की..."

"खबरदार!" राजे गरजले. सर्व्हरची ती पेटी त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबासाहेबांनी, स्वहस्ते नारळ वाढवून सुरू केली होती. तिला रोज हार पडे. "आबासाहेबांच्या वस्तूला माझ्या लेखी हुकमाशिवाय कोणी हात लावायचा नाही! आणि वेग मात्र दसपट हवा. शुक्रवारी वर्धापनदिन आहे. तोवर जमलं नाही, तर शनिवारपासून यायचं नाही!"

शेजारी दिवाणजी कारखानीस उभे होते. वास्तविक हे पदही राज्याबरोबरच जायचं, पण तसं कोणी लेखी कळवलं नव्हतं. ते अदबीने म्हणाले, "सरकार, बाईंना आणखी चाळीस कार्डं मागवून देऊ का?"

"कार्डं पुरे झाली, दिवाणजी," द्वारका म्हणाली. "वर्धापनदिनाच्या पंगतीची व्यवस्था तेवढी माझ्याकडे द्या."

"अस्सं!" राजे म्हणाले. "आता कॉम्प्युटर सोडून भात शिजवणार?"

"भात आमचे सोपानमामा शिजवतील. मी फक्त वाढप बघेन. सर्व्हर म्हणजे तरी काय, वाढपीच की!"

शुक्रवारी दुपारी पंगत बसली. चाळीस वाढपी, चाळीस कोऱ्या बादल्या, सगळ्यांच्या डोक्यावर कडक टोप्या! मीठ पडलं, लिंबू पडलं, भाताच्या मुदी पडल्या. राजांनी भाताला सुरेख आळं केलं आणि आमटीची वाट पाहू लागले. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आळं कोरडं, मूद गार! शेवटी राजे उठून तरातरा चुलीपाशी गेले.

आमटीचं पातेलं विहिरीएवढं होतं. त्याच्यापुढे चाळीस वाढप्यांची रांग लागली होती. आणि सोपानमामा हातातल्या एवढ्याशा पळीने, एकेक पळी करून, पहिलीच बादली भरत होते.

"सोपान! आमटी वाढतोयस की संध्या करतोयस?"

मामांनी भाचीकडे बोट दाखवलं.

"सरकार, वाढपी चाळीस आहेत," द्वारका म्हणाली, "बादल्याही नव्या आहेत."

"बादल्या काय चाटायच्यात? भरणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघ! ओगराळं आणा! मोठं!"

"तसं कसं आणता येईल? याच पळीने आबासाहेबांनी पहिल्या पंगतीला तूप वाढलं होतं. आबासाहेबांची वस्तू! लेखी हुकमाशिवाय..."

"लेखी तर लेखी! दिवाणजी, लिहा! भराभर!"

दिवाणजींनी पेन काढलं आणि थबकले. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दौतीला कधी दौत म्हटलं नव्हतं, 'लेखनसामग्री' म्हटलं होतं. दरबारी कागदावर 'पळी' लिहायची? छे! त्यांनी लिहिलं: 'कै. आबासाहेब महाराजांच्या काळातील वाटपाचे अपुरे साधन तत्काळ काढून त्या जागी दसपट क्षमतेचे साधन बसविण्यात यावे.'

राजांनी न वाचताच सही ठोकली. ओगराळं आलं, पाच मिनिटांत आमटी शेवटच्या पानापर्यंत पोचली. राजे दोनदा भात घेऊन वामकुक्षीला गेले.

चारच्या सुमारास ते उठले तो डॉक्टर लोखंडे दारात. "सरकार, कमाल झाली! बटण दाबलं आणि कोपर हजर!"

राजे तडक सर्व्हरच्या खोलीत आले. पेटी जागच्या जागी होती, वर ताजा हार होता. खाली बशीत जुनं कार्ड ठेवलेलं, त्यालाही एक फूल!

"बाई! पेटी उघडलीस?"

"लेखी हुकमाप्रमाणे, सरकार. कपाटात एक कार्ड शिल्लक होतं, ते बसवलं." तिने कागद पुढे केला.

राजांनी तो वाचला. "अगं, हा हुकूम पळीचा आहे!"

"यात पळी कुठे आहे, सरकार?"

राजांनी पुन्हा वाचला. कागद उलटा करून पाठीमागेही पाहिलं. दिवाणजी छताचं निरीक्षण करू लागले.

"आणि मी हा हुकूम आत्ता रद्द केला तर?"

"तुमची मर्जी! पण हुकूम एकच आहे, सरकार. कार्डाबरोबर पळीही परत आणावी लागेल. आणि संध्याकाळच्या पंगतीला बासुंदी आहे!"

राजे असे हसले, असे हसले, की आबासाहेबांच्या पेटीवरचा हार हलला! "दिवाणजी, या बाईला आजपासून कायम करा! लिहा!"

दिवाणजींनी पेन काढलं. द्वारकाने ते हळूच त्यांच्या हातातून घेतलं.

"मसुदा मी लिहिते, सरकार. दिवाणजींनी लिहिला, तर कायम कोण झालं ते कोणालाच कळायचं नाही!"