फुटलेला रांजण

नद्यांवर अजून पूल नव्हते, त्या काळची ही गोष्ट. डोंगरउतारावर एक नगर होते. नदीचे गढूळ पाणी तिथे तीन हौदांतून फिरे. पहिल्यात तुरटी फिरवत, दुसऱ्यात गाळ बसू देत, तिसऱ्यात कालवलेला चुना किंचित घालत. मग ते निर्मळ पाणी घरोघरी जाई.

हौदांची राखण म्हातारा सटवाजी करी. वीस वर्षांत नगराने त्याच्या हातचा एकही गढूळ घोट घेतला नव्हता. त्याचा त्याला अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

कालवलेल्या चुन्याचा मोठा रांजण त्याने मोरीच्या काठावरच ठेवला होता. धुवायला सोयीचे पडे. ती मोरी थेट खालच्या ओढ्यात उतरे. रांजण पाझरू लागल्याचे त्याने पाहिलेही होते. त्याने वरून चिखल लिंपला आणि येत्या बाजाराला नवा आणू, असे म्हणून तो कामाला लागला.

बाजाराचा दिवस उजाडण्याआधीच एका दुपारी रांजण फुटला.

सटवाजी आधी तिसऱ्या हौदाकडे धावला. पाणी नितळ होते. नगर वाचले, म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला. मग त्याने खाली पाहिले, तर ओढा पांढरा होऊन वाहत होता.

ओढ्याच्या डोहावर येसू नावाची कोळीण राही. डोहातले मासे आणि चार शेळ्या, एवढाच तिचा संसार. कोणाला काही कळणार नाही, असे सटवाजीच्या मनात क्षणभर आले. पण पाय थांबेनात. मोरीच्या तोंडात त्याने मातीची पोती कोंबली आणि काट्याकुट्यांतून तो उतार उतरला.

शेळ्या पाण्याशी पोचल्याच होत्या. धापा टाकत त्याने त्या मागे हाकल्या. डोहाकडे मात्र त्याला बघवेना. मासे उलटे होऊन तरंगत होते.

येसू झोपडीतून आली आणि काठावर बसली. एक मासा हातात घेऊन तिने त्याच्यावरचा पांढरा थर बोटाने पुसला.

"चूक माझी आहे, पोरी," सटवाजी म्हणाला. "रांजण पाझरत होता. मला ठाऊक होते."

येसूने मासा काठावर ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही धावत आलात, आबा, म्हणून शेळ्या राहिल्या. पण माशांपाशी धावत पोचता येत नाही."

ते शब्द सटवाजीच्या काळजात रुतले. त्याने नगराच्या पंचांना सारे सांगितले. पंच म्हणाले, आपले पाणी तर स्वच्छ आहे, मग एवढे मनाला का लावून घेतोस? सटवाजी म्हणाला, पाणी आपल्या वेशीपाशी संपत नाही.

त्याने रांजणाची जागा बदलली. भोवती दगड-चिकणमातीचा खड्डा बांधला, रांजणभर चुना सहज मावेल एवढा. मोरीला फळी बसवली. ती एरवी बंदच राही आणि पाणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो ती उघडत नसे. रोज सकाळी तो रांजणावर टिचकी मारून कान देई. चिकणमाती तुडवायला येसूही आली होती. न बोलावता आली, आणि दिवस मावळेपर्यंत राबली.

डोहात पुन्हा मासे दिसायला तीन पावसाळे जावे लागले.

पुढे एकदा, सकाळी टिचकीला खणखणीत वाजलेला रांजण त्याच दुपारी दुभंगला. सगळा चुना खड्ड्यात साठला. थेंबही बाहेर गेला नाही. सटवाजीने तो घागरींनी उपसला, नवा रांजण बसवला आणि हात धुतले.

संध्याकाळी येसू मासे घेऊन वर आली. आज विशेष काही, असे तिने सहज विचारले.

"काही नाही," सटवाजी म्हणाला. एवढ्या सुखाने हे शब्द तो आयुष्यात कधी बोलला नव्हता.

तात्पर्य : सांडल्यावर धावणारा भला, पण सांडण्याआधी बांध घालणारा त्याहून भला.