घेवड्याला शेंग धरेपर्यंत

या, पांघरूण ओढून घ्या. मुक्ते, पाय आत घे, म्हणजे सुरुवात करते.

एका राज्यात एक राजा होता आणि त्या राजाचा एक नियम होता. राजा मनाचा चांगला होता. नियमही चांगल्या मनानंच केलेला होता. घोटाळा झाला तो तिथंच, बरं का.

नियम असा. ज्या लेकरांना आईवडील उरले नाहीत, त्यांना भल्या घरांनी सांभाळावं. त्यांचं कायमचं घर कोणतं, ते दरबारातल्या तीन शहाण्यांनी, म्हणजे प्रधान, न्यायाधीश आणि वैद्यबुवांनी ठरवावं. ठरेपर्यंत मात्र ऋतू बदलला की लेकरानं घर बदलावं. का? तर राजा म्हणायचा, "फार दिवस एका घरी राहिलं की जीव जडतो. जीव जडला की निघताना रडू येतं. जडूच दिला नाही, तर रडू कसं येईल?" दरबारानं माना डोलावल्या. लेकरांना कुणी विचारलंच नाही.

त्या राज्यात गोजरा नावाची एक मुलगी होती. आपल्या मुक्ताएवढी असेल. तिच्याजवळ एक लहानसं गाठोडं होतं. त्यात एक परकर, एक लाकडी फणी आणि मूठभर घेवड्याचं बी. तिची आई जाताना सांगून गेली होती, "जिथं राहशील तिथं हे लाव. शेंग आली की खा, आणि माझी आठवण काढ."

मग गोजरा पहिल्यांदा गेली सोनाराच्या घरी. तिथं तिनं कुंपणाशी बी लावलं. घरातले आजोबा तिला एक ओवी शिकवायला लागले. अर्धी ओवी झाली, वेलाला जांभळी फुलं आली, आणि दाराशी राजाची बैलगाडी आली. गोजरानं गाठोडं उचललं. आत नवं काही ठेवलं नव्हतं, तरी ते जरा जड लागलं.

मग गेली तांबटाच्या घरी. तिथंही बी लावलं. माळ्यावर मांजर व्याली होती. एक पांढरं पिल्लू गोजराच्या ओंजळीत झोपायचं. त्याचे डोळे अजून उघडले नव्हते. वेलाला फुलं आली आणि गाडी आली. आता गाठोडं तिला उचलेना. गाडीवान म्हणाला, "पोरी, दगड भरलेस की काय?"

"नाही हो काका. परकर आहे."

मग गेली सगुणा कुंभारणीच्या घरी. सगुणा आणि तिचा नवरा गणोबा, दोघंच होती. सगुणा म्हणाली, "मुठीत बी दिसतंय. लाव की."

"नको मावशी. फूल आलं की मला जावं लागतं."

सगुणानं गोजराचा हात आपल्या हातात घेतला, मातीत खळगा केला आणि दोघींच्या बोटांनी बी आत ढकललं.

वेल चढला. फुलं आली. गाडीही आली. पण आता काय झालं? गाठोडं अंगणातून हलेचना. गाडीवानानं ओढलं, गणोबानं ओढलं, शेवटी बैल जुंपले. बैल मटकन खाली बसले. गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजा स्वतः आला, बाह्या सरसावून गाठोड्याला झोंबला, आणि त्याचा फेटा चिखलाच्या मडक्यात पडला. हसू नका. बरं, हसा.

राजा धापा टाकत जमिनीवर बसला. "पोरी, यात आहे तरी काय?"

त्यानं गाठ सोडली. आतून दोन वेल बाहेर आले, फुलांसकट. एक सोनाराकडचा, एक तांबटाकडचा. त्यांची पांढरी मुळं हवेत चाचपडत होती. एका वेलाला अर्धी ओवी गुंतली होती, ती आपोआप गुणगुणत होती. दुसऱ्यात ते मिटल्या डोळ्यांचं पिल्लू बसलं होतं.

राजा हळू म्हणाला, "यांना माती मिळाली नाही?"

"मिळायची, महाराज," गोजरा म्हणाली. "पण मुळं धरली की गाडी यायची."

राजानं तिघा शहाण्यांना तिथंच अंगणात बोलावलं. "हिच्या घराचं अजून का ठरलं नाही?"

प्रधान म्हणाला, "न्यायाधीशांनी सांगितल्यावर मी हिच्या नातेवाइकांच्या शोधाला घोडेस्वार पाठवीन." न्यायाधीश म्हणाले, "वैद्यांनी घर पाहिलं की सांगेन." वैद्यबुवा म्हणाले, "प्रधानांचा घोडेस्वार परतला की घर पाहीन."

सगुणा म्हणाली, "म्हणजे तिघंही एकमेकांच्या दाराशी बसून आहात. दारं कोण उघडणार?"

प्रधान रागावला. "घाई केली आणि घर वाईट निघालं तर?"

"घर नीट पाहायचंच," राजा म्हणाला. "पण पाहायला आज निघायचं, आणि तिघांनी एकदमच."

मग घोडेस्वार गेला. दूर गावी गोजराची म्हातारी आत्या सापडली. ती म्हणाली, "मला दिसत नाही, माझ्यानं सांभाळणं व्हायचं नाही. पण दिवाळीला तिला माझ्याकडे पाठवा." वैद्यबुवांनी सगुणाचं घर पाहिलं, शेजाऱ्यांना विचारलं. मग गोजराला एकटीला बाजूला घेऊन म्हणाले, "इथं भीती वाटते का गं?"

"मडकं फुटलं की वाटते. मावशी रागावते. मग जेवायला हाक मारते."

न्यायाधीशांनी विचारलं, "तुला काय हवं?" हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, बरं का.

"शेंग येईपर्यंत राहू द्या," गोजरा म्हणाली.

"आणि त्यानंतर?"

गोजरानं सगुणाकडे पाहिलं. सगुणा म्हणाली, "त्यानंतर बी राखायचं. पुढच्या वर्षी लावायला नको का?"

न्यायाधीशांनी तिथंच निवाडा दिला. गोजराचं घर हेच.

राजानं जुना नियम मोडला. आता कुणी लेकरू घराविना झालं की राजवाड्याच्या अंगणात घेवड्याचं बी लावायचं, आणि त्याला शेंग धरायच्या आत तिघांनी एका सतरंजीवर बसून निवाडा द्यायचा. तोवर गाडी दाराशी येणार नाही. आणि त्या वेलाला पाणी कुणी घालायचं? प्रधानानं. स्वतःच्या हातानं.

इकडे गोजरानं ते दोन्ही वेल सगुणाच्या अंगणात लावले. मुळांनी माती धरली. पिल्लानं डोळे उघडले. सोनाराचे आजोबा काठी टेकत आले आणि उरलेली ओवी शिकवून गेले. मग एके सकाळी वेलाला शेंगा लगडल्या. सगुणानं भाजी केली. गोजरानं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि आईची आठवण काढली. मग डोळे उघडून म्हणाली, "आई, अजून वाढ."

सगुणानं वाढलं.

रिकामं गाठोडं खुंटीला टांगलं होतं, ते वाऱ्यानंसुद्धा हलायचं. त्या घरी सगळी सुखात राहिली. आता वेलांनीही पानं मिटलीत. तुम्हीही डोळे मिटा. मुक्ते, पाय पुन्हा बाहेर आला बघ.